श्रवणविद्येचा मराठी वारसा

२००२ साली आपल्या मंडळाच्या दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात आमची जी फजिती झाली, तिच्यापासूनच या लेखाचा आरंभ करणे प्रामाणिकपणाचे होईल. सकाळचे सात वाजले होते. पाहुण्या गायकांनी तंबोरे जुळवून आलापीस प्रारंभ केला. दोनचार मिनिटांतच स्वर ओळखीचे वाटले आणि शेजारी बसलेल्या आमच्या नऊ वर्षांच्या कन्येस आम्ही मोठ्या अधिकाराने सांगितले, "हा भूप." पलीकडच्या खुर्चीवर रेल्वेतून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध सभासद बसले होते. सारे मंडळ त्यांना काका म्हणे. त्या वेळी ते काही बोलले नाहीत. मध्यंतरात मात्र चहाचा पेला हाती घेऊन ते आमच्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, सकाळी सात वाजता भूप कोण गाईल? हा देशकार."

"पण काका, स्वर तर तेच आहेत!" आम्ही म्हटले.

"स्वर तेच. पण गवई थांबतो कुठे, ते ऐकलेत का?"

आम्ही ते ऐकले नव्हते. रेडिओ, कॅसेटी आणि गणेशोत्सवातले कार्यक्रम असे मिळून तीस वर्षे गाणे कानांवर पडत होते; तथापि ऐकणे ही शिकावयाची गोष्ट आहे, याची जाणीव आम्हांस त्या पेलाभर चहाच्या वेळी प्रथम झाली. काकांना ही विद्या कोठून मिळाली, हे शोधू जाता जो इतिहास हाती आला, तो महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना विशेष जवळचा वाटेल अशी खात्री वाटल्यामुळे तो येथे थोडक्यात मांडीत आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आपल्याकडे गाणे ऐकण्याची ठिकाणे मोजकीच होती. दरबार, देवालय, सरदार-सावकारांचे दिवाणखाने आणि कलावंतिणींच्या बैठकी. तेथे बसणाऱ्यास ऐकता ऐकताच जाण येई. परंतु शाळामास्तर, कारकून, वकील, डॉक्टर असा जो नवा मध्यमवर्ग इंग्रजी अमलात उदयास आला, त्याला या ठिकाणी सहज प्रवेश नव्हता, आणि काही ठिकाणी जाणे त्याला कमीपणाचेही वाटे. ही उणीव भरून काढण्यासाठी संस्था निघू लागल्या. मुंबईत १८७० साली पारशी गायनोत्तेजक मंडळी आणि पुण्यात १८७४ साली गायन समाज स्थापन झाला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा चालू केली. संगीत हा वर्गात बसून शिकण्याचा विषय होऊ शकतो, ही कल्पना येथून रुजू लागली.

या कल्पनेला देशव्यापी रूप देणारे दोघेही मराठी होते आणि दोघांनीही आपले सर्वांत मोठे कार्य महाराष्ट्राबाहेर केले, ही गोष्ट आपण परप्रांतस्थांनी ध्यानी ठेवण्यासारखी आहे. पहिले पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. कुरुंदवाडला १८७२ साली जन्म, बालपणी फटाक्याने झालेली डोळ्यांची इजा, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण, आणि पुढे गुरुगृह व राजाश्रय दोन्ही सोडून उत्तरेची वाट. दि. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. कोणा संस्थानिकाच्या पदरी न राहता लोकांच्या वर्गणीवर आणि तिकीट लावून केलेल्या जलशांवर संगीतशाळा चालविणे हे त्या काळी धाडसच होते. त्या धाडसाची किंमतही त्यांनी मोजली. मुंबईच्या शाखेसाठी बांधलेली वास्तू कर्जापायी त्यांच्या हातून गेली. परंतु त्यांचे शिष्य देशभर पसरले आणि सभ्य घरांतील मुलामुलींच्या हाती तंबोरा आला. गाणाऱ्याला आणि गाणे ऐकणाऱ्याला समाजात मान मिळवून दिला तो पलुसकरांनी.

दुसरे पंडित विष्णु नारायण भातखंडे. हे पेशाने वकील. त्यांचा जन्म मुंबईत वाळकेश्वर येथे १८६० साली गोकुळाष्टमीस झाला. १८८५ साली ते बी. ए. झाले, १८८७ साली एल्एल्. बी. झाले आणि काही काळ कराचीस त्यांनी वकिलीही केली. सतार शिकले, ध्रुपदे शिकले, पारशी गायनोत्तेजक मंडळीत अनेक गवयांना जवळून ऐकले. पत्नी आणि एकुलती कन्या यांच्या निधनानंतर त्यांनी संसाराची आणि वकिलीची पाठ धरली नाही. उरलेले आयुष्य एका प्रश्नाच्या मागे घालविले. प्रश्न साधा होता. गवई जे गातात आणि जुने संस्कृत ग्रंथ जे सांगतात, त्यांचा मेळ कोठे बसतो?

या प्रश्नाचा छडा त्यांनी वकिली शिस्तीने लावला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९०४ साली दक्षिण हिंदुस्थान, पुढे १९०७ साली नागपूर-कलकत्ता, १९०८ साली प्रयाग, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली असा प्रवास करून त्यांनी पोथ्या पाहिल्या, गवयांच्या साक्षी घेतल्या आणि त्या टिपून ठेवल्या. सरकारी कचेरीत आयुष्य गेलेल्या आम्हांस त्यांची ही टिपणे ठेवण्याची पद्धत फार जवळची वाटते. ऐकीव गोष्टीवर शेरा मारावयाचा नाही, मूळ कागद पाहावयाचा, असा त्यांचा खाक्या होता. दक्षिणेत त्यांना व्यंकटमखीच्या ७२ मेळांची व्यवस्था अभ्यासता आली. त्या धर्तीवर, परंतु प्रचारातल्या गाण्याला धरून, त्यांनी उत्तरेकडील रागांची १० थाटांत मांडणी केली.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. या संशोधनाचा सार असलेला त्यांचा 'हिंदुस्थानी संगीतपद्धति' हा ग्रंथ मराठीत आहे. त्याचा पहिला भाग १९१० साली आणि चौथा १९३२ साली प्रसिद्ध झाला. त्याची रचना गुरू-शिष्यांच्या संवादाची आहे. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, पुन्हा शंका निघते. हा राग त्या रागापासून वेगळा कसा ओळखावा, हा राग अमुक गवई असा गातात आणि तमुक तसा, तर त्यांतले ग्राह्य कोणते, एखाद्या ग्रंथकाराचे म्हणणे आजच्या गाण्याला लागू पडते काय, असे प्रश्न पानोपानी येतात. आजच्या महाविद्यालयांत रसग्रहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम म्हणून जे शिकविले जाते, त्याचा गाभा या संवादांत आहे. आता मौज अशी की, आपल्या मुलांना तो वाचावयाचा झाल्यास बहुधा हिंदी अनुवादातून वाचावा लागतो. मराठीत लिहिलेले हिंदीतून परत घेण्याची वेळ आपल्यावर यावी, यात खेद जितका आहे तितकाच त्या ग्रंथाच्या प्रसाराचा आनंदही आहे.

ग्रंथ लिहून भातखंडे थांबले नाहीत. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यानंतरच्या परिषदा दिल्ली, काशी आणि लखनौ येथे झाल्या. लखनौच्या परिषदांतूनच संगीत महाविद्यालयाचा विचार पक्का झाला. राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे तत्कालीन शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने १९२६ साली लखनौस महाविद्यालय उघडले. गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्यास देण्यात आले. १९२८ पासून अनेक वर्षे त्याचे प्राचार्यपद भूषविले ते भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी. हे स्वतः पदवीधर, आणि बडोद्यास उस्ताद फैय्याज खाँसाहेबांकडे तालीम घेतलेले. शास्त्र आणि गळा ही दोन्ही त्यांच्या ठायी एकत्र नांदत होती. १९६६ साली या संस्थेला भातखंड्यांचे नाव मिळाले, २००० साली ती अभिमत विद्यापीठ झाली आणि आता ती उत्तर प्रदेशाचे राज्य विद्यापीठ आहे. भातखंड्यांना मात्र तिचा उत्कर्ष फार काळ पाहता आला नाही. अखेरची तीन वर्षे पक्षाघाताने ते अंथरुणास खिळले होते. १९३६ साली गणेशचतुर्थीच्या दिवशी त्यांनी देह ठेवला.

या महाविद्यालयावर एक आक्षेप पहिल्यापासून घेतला गेला. वर्गात घंटेबरहुकूम गाणे शिकवून गवई तयार होत नाहीत, असे घराणेदार मंडळींचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांना एकत्र बसवून गळ्याची जी घडण व्हावयाची, ती गुरूसमोर वर्षानुवर्षे बसून होणाऱ्या घडणीची बरोबरी करू शकत नाही. रातंजनकरांच्या हाताखाली के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी यांच्यासारखे कलावंत तयार झाले खरे. परंतु त्यांनाही वर्गाबाहेर गुरूचा निकट सहवास लाभलेला होता. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उस्तादांच्या शास्त्रज्ञानाविषयी भातखंड्यांच्या लेखनात कोठे कोठे जो कठोर सूर लागतो, तो आजच्या अभ्यासकांना खटकतो. ज्यांच्या गळ्यांतून त्यांना चिजा मिळाल्या, त्यांच्याविषयीचे ऋण अधिक मोकळेपणाने मानावयास हवे होते, असे आमचेही मत आहे. थोर पुरुषाचा वारसा सांगताना त्याची उणीव झाकण्याचे कारण नाही.

तथापि या सर्व वादात एक गोष्ट दृष्टीआड होते. ज्या शेकडो विद्यार्थ्यांचे गवई झाले नाहीत, त्यांचे काय झाले? याचे उत्तर आम्हांस काकांच्या रूपाने मिळाले. १९५० च्या सुमारास रेल्वेत कारकून म्हणून लागलेले काका लखनौस होते. दिवसा कचेरी आणि संध्याकाळी महाविद्यालयाचा वर्ग असा त्यांचा क्रम तीन-चार वर्षे चालला. गळा बेताचाच होता, हे ते स्वतःच सांगत. पुढे बदल्या होत गेल्या आणि गाणे सुटले. पण कान सुटला नाही. आपल्याकडे तानसेन आणि कानसेन असा भेद करतात, त्यांतले ते दुसरे. भातखंड्यांकडून रातंजनकरांकडे, रातंजनकरांच्या वर्गातून एका रेल्वे कारकुनाकडे, अशी ही परंपरा आपल्या मंडळाच्या खुर्चीवर येऊन बसली होती आणि आम्हांस तिचा पत्ता नव्हता.

दिवाळीच्या त्या सकाळनंतर आम्ही काकांचा पिच्छा पुरविला. २००३ च्या हिवाळ्यात त्यांनी दर रविवारी आपल्या घरी श्रवणवर्ग घेण्याचे मान्य केले. आम्ही अकरा जण होतो. सोबत एक टेपरेकॉर्डर, तीस-चाळीस कॅसेटी आणि काकांची निळ्या पुठ्ठ्याची वही. अभ्यासक्रम काय होता, हे सांगणे उपयोगाचे होईल.

पहिल्या रविवारी गाणे लावलेच नाही. केवळ तंबोरा ऐकावयाचा आणि षड्ज मनात धरून ठेवावयाचा. अर्धा तास झाल्यावर काका टेप बंद करीत आणि षड्ज लावावयास सांगत. आमच्यापैकी निम्म्यांचा षड्ज तोवर दुसऱ्या गावी गेलेला असे. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी ताल झाला. तीनतालाच्या १६ मात्रा, चार-चारांचे चार खंड. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. विलंबित लयीत सम कोठे येते, ते हात न हलविता ओळखावयाचे. समेवर माना डोलविणारी मंडळी शेजाऱ्याची मान पाहून डोलवितात, असे काका म्हणत, आणि आम्ही खाली पाहत असू. त्यानंतर ख्यालाची बांधणी शिकविली. स्थायी कोठे संपते, अंतरा कोठे उघडतो, आलाप, बोलआलाप, बोलतान, तान अशी बढत कशी चढत जाते, हे घड्याळ समोर ठेवून लिहावयाचे.

मग तो भूप आला. सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर. मध्यम आणि निषाद वर्ज्य. देशकाराचेही हेच स्वर. परंतु भूपात गंधार वादी आहे. गायक पुन्हा पुन्हा गंधाराशी येऊन विसावतो आणि रागाचा सारा भार पूर्वांगावर असतो. देशकारात धैवत वादी. तो उत्तरांगात रमतो आणि रिषभावर रेंगाळत नाही. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात घातला आणि देशकार बिलावल थाटात. आता या दोन थाटांत भेद आहे तो मध्यमाचा, कल्याणात तीव्र आणि बिलावलात शुद्ध. आणि या दोन्ही रागांत मध्यम मुळीच नाही! "मग हे वर्गीकरण कशाच्या आधारे केले?" असे आम्ही विचारले, तेव्हा काका प्रसन्न झाले. म्हणाले, "साहेब, आज तुम्ही ऐकू लागलात."

त्यांचे म्हणणे असे की, थाटपद्धतीतली ही अडचणच आपल्याला सर्वांत मोठा धडा देते. स्वरांची यादी म्हणजे राग नव्हे. भूपाची चाल कल्याणाच्या घरची आहे आणि देशकाराची बिलावलाच्या घरची, हे भातखंड्यांना तक्त्यावरून समजले नाही. ते त्यांनी शेकडो वेळा ऐकून ठरविले. तक्ता मागाहून आला. हीच कसोटी पुढे त्यांनी आम्हांस मारवा, पुरिया आणि सोहनी यांवर लावावयास सांगितली. तिन्हींत कोमल रिषभ, तीव्र मध्यम आणि पंचम वर्ज्य. परंतु मारवा रिषभ-धैवतांवर उभा राहतो, पुरिया गंधार-निषादांकडे झुकतो आणि सोहनी तारसप्तकाकडे धाव घेते. एकच सामग्री, आणि तीन स्वभाव.

शेवटच्या काही रविवारी एकच राग दोन घराण्यांच्या गायकांकडून ऐकला आणि पसंतीचा उच्चार न करता फरक लिहिण्याचा नियम झाला. 'आवडले' हा शब्द लिहिल्यास काका त्यावर लाल रेघ मारीत. आवड ही ज्याची त्याची असते, कारण मात्र दुसऱ्याला पटवून देता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. या संदर्भात ते वामनराव देशपांडे यांच्या १९६१ सालच्या 'घरंदाज गायकी' या पुस्तकाचा दाखला देत. हिशेबतपासणीचा व्यवसाय सांभाळणाऱ्या गृहस्थाने घराण्यांची अशी चिकित्सा केली, तर आपल्यासारख्या नोकरदारांना ती का साधू नये, असे त्यांचे म्हणणे असे.

१९५२ साली आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू झाला, तेव्हा मूळचे पुण्याचे असलेले बा. वि. केसकर माहिती व प्रसारण मंत्री होते. त्या कार्यक्रमाने शास्त्रीय संगीत देशातल्या लहानसहान गावांतल्या घरांत नेले. आमचे वडील तालुक्याच्या गावी कारकून होते. शनिवारी रात्री ते रेडिओला कान लावून बसत आणि मध्येच डोळे मिटून एक बोट वर करीत. ते बोट कशासाठी वर होई, हे आम्ही कधी विचारले नाही. श्रवणवर्गात बसू लागल्यावर एका रविवारी ध्यानी आले की, ती सम असली पाहिजे. तोवर वडिलांना जाऊन सहा वर्षे झाली होती.

आता जे लिहावयाचे, ते लिहिणे सोपे नाही. २००४ च्या उन्हाळ्यात काकांची प्रकृती ढासळली आणि त्यांनी वर्ग आम्ही पुढे चालवावा असे सुचविले. निळी वहीही आमच्या हाती दिली. आम्ही कचेरीच्या कामाचा बोजा आणि येऊ घातलेली बदली यांचे निमित्त पुढे केले. बदली खरोखरच झाली, आणि झाली तीही लखनौस! कैसरबागेतल्या परीखान्याच्या इमारतीवरून, जेथे आज हे विद्यापीठ आहे, आमची मोटार अनेकदा जात असे. आत जाण्याचे धैर्य झाले ते एकदाच, काका गेल्याची वार्ता २००६ साली आली त्या संध्याकाळी. कोणत्यातरी खोलीत वर्ग चालू होता. कोणीतरी चुकत होते आणि कोणीतरी पुन्हा म्हणावयास सांगत होते. आम्ही आवारात थोडा वेळ उभे राहिलो आणि परतलो.

भातखंड्यांनी पोथ्या मिळविल्या, गवयांची मनधरणी केली, परिषदा भरविल्या, महाविद्यालय उभारले. ते सारे ज्या कानापर्यंत पोहोचले होते, त्या कानाजवळचे ज्ञान घेऊन पुढच्या अकरा जणांना देणे एवढेच काम आमच्या वाट्यास आले होते. ते आम्ही केले नाही. परंपरा तुटतात त्या आक्रमणांनी आणि उपेक्षेने, असे आपण व्याख्यानांतून ऐकतो. एखादी परंपरा बदलीच्या हुकुमाच्या आडोशानेही तुटते.

यंदा सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग कसा करावा, याविषयी कार्यकारिणीत दोन मते आहेत. ख्यातनाम कलावंताची एक भव्य मैफल व्हावी, असे बहुसंख्यांना वाटते. मैफलीस आमचा विरोध नाही. पन्नास वर्षांच्या वाटचालीनंतर मंडळाने थाट का करू नये? पूर्वी कार्यकारिणीत असताना आम्ही स्वतः अशाच मैफलींच्या बाजूने मत दिले आहे. आमची विनंती एवढीच आहे की, मैफलीआधी आणि मैफलीनंतर वर्षभर रविवारचा श्रवणवर्ग चालावा. त्याला पैसा फारसा लागत नाही. जुन्या ध्वनिमुद्रिका आज मोबाइलवर सहज ऐकावयास मिळतात. काकांना एका कॅसेटीसाठी मुंबईच्या नातेवाइकांना पत्रे लिहावी लागत. उणीव आहे ती बसणाऱ्यांची आणि नेमाची.

आपली मुले हिंदीत विचार करतात, इंग्रजीत शिकतात आणि मराठी घरापुरती बोलतात, ही तक्रार आपण दर संक्रांतीच्या हळदीकुंकवात ऐकतो. त्यांच्या हाती मराठीतले एक अस्सल धन द्यावयाचे असेल, तर ते या संवादरूपी ग्रंथात आहे आणि ते ऐकत ऐकत वाचता येते. आमची कन्या आता बंगळूरला नोकरी करते. त्या दिवाळीचा भूप ती विसरलेली नाही. दूरध्वनीवर अजून थट्टा करते. ती थट्टा ऐकताना वाईट वाटत नाही, कारण तेवढा फरक तरी तिच्या कानात राहिला आहे.

निळी वही आमच्याजवळ सुरक्षित आहे. आम्ही काका नाही आणि आमचा षड्ज अजूनही अधूनमधून हलतो. तरीही येत्या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी नऊ वाजता, मंडळाच्या वाचनालयाच्या खोलीत आम्ही वही घेऊन बसणार आहोत. पहिल्या दिवशी गाणे लावावयाचे नाही. केवळ तंबोरा ऐकावयाचा आहे. ज्यांना यावयाचे असेल, त्यांनी जरूर यावे.